रंकाळ्यावरनं रोज जातोय, पण रंकाळा बघितला कधी?

फुलेवाडीकर
२७ ऑक्टोबर, रात्री १०:१२

मंडळी, जरा लांबड लागेल, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही म्हणून बसलोय.

गेल्या आठवड्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी गगनबावडा लाइनला गेली, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. डाव्या डोळ्यातपण मोती पिकलाय, त्याचं ऑपरेशन नंतर. म्हणजे त्या दिवशी उजव्याला पट्टी आणि डाव्यानं सगळं धुकं. दवाखाना कोल्हापुरात शाहूपुरीत, घर फुलेवाडीत. रिक्षा केली, परतीचा पाऊस भुरभुरत होता म्हणून रिक्षावाल्या दादानं दोन्ही बाजूचे पडदे सोडले होते. मी शेजारी आप्पांचा दंड धरून.

थोडं पुढं आल्यावर आप्पा म्हणाले, दसरा चौक गेला न्हवं? मी म्हटलं होय. मग म्हणाले, आता पापाची तिकटी आली. मी विचारलं कसं कळलं तुम्हाला, तर म्हणाले अरे रिक्षाचा आवाज दोन्ही अंगानं परत यायलाय, रस्ता अरुंद झाला की. गंगावेशीत तर मलापण कळलं असतं, संध्याकाळची वेळ, कट्ट्यावर म्हशी आलेल्या, शेणाचा आणि धारोष्ण दुधाचा वास पडद्यातनं आत येत होता. पण खरं सांगतो, आप्पांनी सांगितल्यावर मला तो वास आला. त्याच्या आधी नाकात शिरत होता पण माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

रंकाळा स्टँड मागं पडलं, रंकाळा तळ्याचं गार वारं लागलं, आणि आप्पांनी विचारलं, "पाणी कुठवर आहे रं? संध्यामठ किती बुडालाय?"

मी अकरा वर्षं या रस्त्यानं दिवसातनं दोनदा जातो. त्या दिवशी सकाळीच गेलो होतो. पडदा सोडलेला, त्यामुळं बघून सांगायची सोय नव्हती, आठवूनच सांगायचं होतं, आणि मला काही आठवेना. संध्यामठ, म्हणजे तळ्यातलं ते जुनं दगडी बांधकाम, दिसत होता का पूर्ण पाण्यात होता हेच सांगता येईना. आप्पा "असू दे" म्हणाले आणि गप बसले. रागावले असते तर एवढं लागलं नसतं.

रात्री जेवताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला एवढं कसं कळतं. तर म्हणाले, घाटात शिकलो. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट, पावसाळ्यात असलं धुकं की बॉनेट दिसत नाही. तवा काच खाली करायची आणि इंजिनचा आवाज ऐकायचा. आवाज लगेच परत आला तर त्या अंगाला डोंगर. आवाज गेला तो गेलाच, परत आला नाही, तर त्या अंगाला दरी. मागं पन्नास माणसं झोपलेली असायची. माझं लक्ष ही त्यांची झोप होती, असं म्हणाले.

मी तसाच ताटावर बसून राहिलो थोडा वेळ.

तर दुसऱ्या दिवसापासनं मी रोज घरी येताना रंकाळ्याच्या टॉवरजवळ गाडी थांबवून पाच मिनिटं बघतो आणि घरी जाऊन आप्पांना सांगतो. पहिल्या दिवशी म्हटलं, "आप्पा, पाणी भरपूर आहे." तर म्हणाले, "भरपूर म्हंजे किती? खांबाच्या कितव्या दगडापर्यंत?" परत दुसऱ्या दिवशी दगड मोजायला गेलो.

तुम्ही तुमच्या गल्लीत, वाटेवर, कामावर काय बघता? छोटं असलं तरी चालेल पण स्वतः बघितलेलं सांगा.

पेठेतला_भाऊ
२७ ऑक्टोबर, रात्री १०:४१

भावा, शेवटच्या चार ओळी दोनदा वाचल्या. माझे वडील असते तर आत्ता उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलो असतो.

माझ्याकडनं एक. आमच्या दारात चौथरा आहे, त्याच्यावर संध्याकाळी एक मांजर येऊन बसतं ते मी वर्षभर बघतोय. काल पहिल्यांदा लक्षात आलं की ते रोज एकाच दगडावर बसतं. हात लावून बघितला तर बाकीचे दगड गार आणि तो एकटाच ऊबदार, कारण दुपारचं ऊन दोन घरांच्या फटीतनं फक्त त्याच्यावर पडतं. मांजराला माहीत होतं, घर माझं असून मला नव्हतं.

कागलची_लेक
२८ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आप्पांचं वाचून माझे मामा आठवले. मामा गुळव्या होते, म्हणजे गूळ शिजवणारे. आमच्या मामाच्या गावाला गुऱ्हाळ लागलं की दिवाळीनंतर आम्ही पोरं तिथंच पडून असायचो, काकवी चाखायला.

ज्यांनी गुऱ्हाळ जवळनं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडला, खाली चुलाणात चिपाडाचा जाळ लागला, की पहिल्यांदा मळी वर येते. मग रानभेंडी ठेचून केलेलं चिकट पाणी सोडतात, त्यात सगळी घाण गोळा होऊन वर येते आणि ती झाऱ्यानं काढायची. मळी नीट निघाली तरच गूळ पिवळा धमक होतो. पुढं रस उकळून दाटायला लागला की सगळा खेळ गुळव्याच्या डोळ्यात आणि कानात. बुडबुडे पहिल्यांदा मोठे आणि पातळ असतात, फटाफट फुटतात. मग बारीक होतात, जड होतात. मामा म्हणायचे आता काहील बोलायला लागली. खरंच आवाज बदलायचा, सुरुवातीला सळसळ, शेवटी थप थप थप. मग ते वाटीभर पाण्यात थेंब सोडून बोटानं गोळी करून बघायचे. गोळी जमली की हात वर, आणि चार माणसं काहील उतरवायला धावायची. अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ करपून काळा, अर्धा मिनिट लवकर झालं तर मऊ राहणार, रवा म्हणजे ढेप बसणार नाही, मार्केट यार्डात दर पडणार. शेतकऱ्याची वर्षभराची कमाई त्या अर्ध्या मिनिटावर.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, मामा घड्याळ लावून का बघत नाही, रोजचंच तर काम आहे. तर म्हणाले, "रोजचं कुठं? आजचा ऊस आजचा हाय." खारवट रानातला ऊस वेगळा, माळावरचा वेगळा, तुटून दोन दिवस पडलेला वेगळा. रस चाखूनच त्यांना कळायचं आज काहील कशी वागणार ते.

मला तर वाटतं आपण जे बघत नाही ना, त्याचं कारण हेच आहे की आपण ते "रोजचंच" म्हणून आधीच ठरवून टाकलेलं असतं.

शिरोली_शिफ्ट
२८ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

सगळं चांगलं लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं आहे ते मांडतो, राग मानू नका.

मी फाउंड्रीत आहे, शिरोली एमआयडीसी. पोअरिंगला. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस मोल्डमध्ये ओतायचा असतो तेव्हा तो तेराशे-चौदाशे डिग्रीच्या आसपास असतो, मोजायला यंत्र आहे, पण यंत्राच्या आधी आमच्यातल्या जुन्या माणसाला रंगावरनं कळतं की रस थंड झालाय, ओतू नका. ताई तुमच्या मामांचं वाचताना मला तोच माणूस दिसत होता. मीपण आठ तास तसंच बघतो, डोळ्यात तेल घालून, कारण एक चूक झाली की शेजारचा भाजणार.

पण आठ तास असं बघितल्यावर घरी येताना मला काहीच बघायचं नसतं. लक्ष ही काय न संपणारी गोष्ट नाही ना. पोरगं दाखवत असतं बाबा हे बघ, आणि मी डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. तर "बघत नाही" म्हणजे लगेच त्या माणसाला किंमत नाही असं समजू नये एवढंच म्हणणं आहे. दमलेल्या माणसाला अजून एक काम लावल्यासारखं होतं ते.

फुलेवाडीकर
२८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

@शिरोली_शिफ्ट दादा, राग कशाला, उलट हे कोणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं. तुमचं आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला सांग, मीपण मुक्कामाला गेलो की स्टँडच्या मागं झाडाखाली नुसता बसायचो, काय बघायचं नाही असं ठरवून. मग आपोआप काय दिसेल ते दिसायचं. घाटातलं बघणं वेगळं आणि झाडाखालचं वेगळं, दुसऱ्यानं पहिल्याचा शीण जातो. एवढंच म्हणाले.

शाळेतल्या_बाई
२९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१५

आप्पांनी अगदी बरोबर सांगितलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेच्या कंपाउंडला लागून एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी दर शनिवारी एकच काम दिलं, खिडकीतून दिसतं तेवढं झाड काढायचं, दुसरं काही नाही. मार्क नाहीत, चांगलं-वाईट नाही.

पहिले तीन शनिवार सगळ्यांनी तेच झाड काढलं जे पोरं कायम काढतात, तपकिरी खोड आणि वर हिरवा ढग. चौथ्या शनिवारी एक मुलगी म्हणाली, बाई खोड तपकिरी नाहीये, काळपट आहे आणि एका बाजूला हिरवं आहे. मग पोरं भांडायला लागली कोणाची बाजू हिरवी. मग शेवाळ कुठल्या बाजूला आणि का, असं सुरू झालं. आणि ऑगस्टमधल्या एका आभाळ भरून आलेल्या दुपारी एक मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, झाडानं पानं मिटली." खरोखर मिटली होती. पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात आणि आभाळ खूप भरून आलं तरी मिटतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. बघितलं मात्र त्या पोरानं दाखवल्यावर. नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती मला.

तो मुलगा त्या दिवसापासून वर्गात बोलायला लागला. का ते मला नीट सांगता येणार नाही, पण झालं हे खरं.

नवखा_निरीक्षक
२९ ऑक्टोबर, रात्री ८:०२

बाई, एक प्रश्न. झाडांची, पक्ष्यांची नावं माहीत असणं गरजेचं आहे का? मला कडुनिंब, वड, नारळ सोडून एक नाव येत नाही, त्यामुळं बघायला गेलो तरी मनात अडाण्यासारखं वाटतं आणि मी परत येतो.

शाळेतल्या_बाई
२९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

अजिबात परत येऊ नका. आधी बघा, नाव नंतर येतं. उन्हाळ्यात गुलमोहराच्या आसपास कुठूनतरी टुक टुक टुक असा एकसारखा आवाज येतो ना, तांब्याच्या भांड्यावर कोणी ठोकतंय असा? तो पक्षी ज्यानं पहिल्यांदा नीट ऐकला त्यानंच त्याला तांबट म्हटलं असणार. आपल्याकडच्या जुन्या नावांत कोणीतरी केलेलं निरीक्षणच साठवलेलं असतं. धोबी पक्षी शेपूट वरखाली आपटतो, पाण्याच्या कडेला, दगडावर, कपडे आपटल्यासारखी. तुम्ही स्वतःचं नाव ठेवा, चालेल.

फुलेवाडीकर
२९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

यावरनं आठवलं, आप्पा सांगत होते घाटातल्या वळणांना ड्रायव्हर लोकांची आपापली नावं असायची, नकाशात नाहीत ती. नवीन ड्रायव्हर आला की पहिल्या फेरीला जुना माणूस शेजारी बसून एकेक वळण नावानं ओळख करून द्यायचा, जणू घरातली माणसंच.

चिखलीचा_पोरगा
३० ऑक्टोबर, रात्री ११:२५

मी प्रयाग चिखलीचा. आमच्याकडं बघणं म्हंजे शौक नाही, म्हणून लिहायलोय.

पंचगंगा नदी आमच्या इथं तयार होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती जी गुप्त आहे म्हणतात. माझी आज्जी पावसाळ्यात रोज दोन वेळा घाटावर जायची, सकाळी आणि दिवेलागणीला. कुणी सांगितलं नव्हतं. येऊन एवढंच म्हणायची, आज पाणी चढतंय, आज थांबलंय, आज गढूळ हाय पण जोर नाही. आम्हाला वाटायचं म्हातारीला विरंगुळा.

२०१९ चा ऑगस्ट. आमच्या घराच्या मागं एक ओढा आहे, तो नदीला मिळतो. त्या संध्याकाळी आज्जी घाटावर न जाता ओढ्यावर गेली आणि आल्या आल्या म्हणाली, "वढा माघारी फिरलाय, जनावरं सोडा." म्हणजे ओढ्याचं पाणी नदीकडं जायचं सोडून नदीचं पाणी ओढ्यातनं उलटं वर चढायला लागलं होतं. नदी पात्र सोडून गावात समोरनं यायच्या आधी अशी मागच्या दारानं येते. कोल्हापूर शहरात जयंती नाल्याचं तेच होतं, म्हणून व्हीनस कॉर्नरला पाणी लागतं. आम्ही त्याच रात्री म्हशी सोनतळीच्या माळाला नेल्या. दुसऱ्या दिवशी उशीर झाला असता.

आता मला यातली खरी गोष्ट सांगायची आहे ती वेगळीच. आमच्या गावात पुष्कळ जणांनी २००५ ची खूण बघून ठेवली होती. भिंतीवर, देवळाच्या पायरीवर. "२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर काय येत नाही" असं म्हणून माणसं घरात बसली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे इथल्या शेंबड्या पोरालापण पाठ असतं, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. खूण मागं राहिली आणि पाणी पुढं गेलं. बघितलेलं होतं त्यांनीपण, चांगलं बघून ठेवलं होतं, पण १४ वर्षांपूर्वीचं. आज्जी २००५ ला होतीच की, तिलापण ती खूण माहीत होती. पण ती त्या संध्याकाळचं पाणी बघत होती.

आणि कोणी असं समजू नका की मी म्हातारीचं ऐका आणि आकडे सोडा म्हणायलोय. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, किती उघडले, किती क्युसेक सुटलं, हे मोबाईलवर येतं ते मी दर तासाला बघतो. पण बघून झालं की ओढ्यावर पण जाऊन येतो.

आज्जी गेली गेल्या वर्षी. आता मी जातो दोन वेळा.

कागलची_लेक
३१ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

"ती त्या संध्याकाळचं पाणी बघत होती." मामांचं "आजचा ऊस आजचा हाय" आणि हे एकच आहे. आज्जींना नमस्कार.

पेठेतला_भाऊ
३१ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

चिखलीच्या भावा, तुझी पोस्ट आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकू का? नाव-गाव काढून टाकतो. आमच्यात पण २०१९ ची, २०२१ ची खूण दाखवून निवांत बसणारे आहेत.

चिखलीचा_पोरगा
३१ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

टाक की. गावाचं नाव राहू दे, लोकांना कळू दे.

करवीर_नभ
२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

उशिरा आलो धाग्यावर. आकाश बघणाऱ्या माणसाचे माझे चार शब्द.

आठवडाभरात अंबाबाईचा किरणोत्सव आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आणि मग हेच परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. लहानपणी मला वाटायचं या दोन वेगवेगळ्या तारखा का बरं ठेवल्या असतील. मग एकदा कॅलेंडर घेऊन दिवस मोजले. २१ डिसेंबरच्या मागं साधारण ४१-४२ दिवस आणि पुढंही तेवढेच. सूर्य रोज मावळताना थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत जातो, डिसेंबरात टोकाला पोचतो, आणि त्याच वाटेनं परत येतो. जाताना एकदा दाराच्या रेषेत येतो, येताना एकदा. तारखा दोन आहेत, जागा एकच.

आता विचार करा, हे ज्यांनी बांधलं त्यांनी त्याआधी किती संध्याकाळी नुसतं पश्चिमेकडं तोंड करून उभं राहून काढल्या असतील. हे काय एका वर्षात जमलं नसेल. आणि आज किरणं अडली की आपण पहिल्यांदा ढगांना आणि धुरळ्याला बोल लावतो, पण महाद्वार रोडवरच्या बांधकामांमुळंही ती अडतात ही चर्चा जुनी आहे. तो सूर्यास्त आपण सगळे रोज बघत असतो ना, तर त्या वाटेत कोणी मजला चढवायला गेलं की त्याच दिवशी लोक दारात जमले असते. मला हे फार लागतं म्हणून लिहितोय.

दुसरी गोष्ट. ६ मे ला दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापुरात आपली सावली पायाखाली जाते, शून्य सावली. कुठं जायला लागत नाही, अंगणात एक सरळ पाइप उभा करा आणि बघा, सावली आकसत आकसत बुंध्यात शिरते. ऑगस्टच्या सुरुवातीला परत होते पण तेव्हा आभाळ असतं.

आणि ६ मे म्हणजे शाहू महाराजांचा स्मृतिदिन. २०२२ ला शंभर वर्षं झाली तेव्हा सकाळी दहाला अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं, आठवतंय का कोणाला?

मंगळवारची_माहेरवाशीण
३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

मला आठवतंय! मी बिंदू चौकात होते, भाजी घेऊन चालले होते. गाड्या बंद केल्या लोकांनी, रिक्षा बंद, दुकानातले लोक बाहेर येऊन उभे. मी जन्मापासून त्या चौकात येते-जाते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथं चिमण्या ऐकू आल्या. तटाच्या भिंतीच्या दगडात कुठंतरी होत्या. शिवाय झेंड्याचं कापड फडफडत होतं त्याचा आवाज, आणि कुणाच्यातरी सायकलचं चाक स्टँडवर टेकवल्यावर फिरत राहिलं होतं त्याचा. शंभर सेकंद झाले, एक गाडी सुरू झाली, मग सगळ्या, आणि चिमण्या गेल्या. गेल्या म्हणजे होत्या तिथंच की, आपल्याला ऐकू यायच्या बंद झाल्या.

आता माझी गोष्ट सांगते, लिहू का नको करत होते. आमच्या वाड्यात नळाला पहाटे पाचला पाणी येतं. पलीकडच्या खोलीत एक काकू एकट्या राहतात, त्या तांब्याच्या घागरीत पिण्याचं पाणी भरतात. रोज पाचला ती घागर फरशीवर टेकवल्याचा ठण्ण आवाज येतो. मी कधी त्या आवाजाकडं लक्ष दिलंय असं मला वाटत नव्हतं. एक दिवस मी जागी झाले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, कूस बदलली, परत उठले. नळाचं पाणी वाहत होतं आणि ठण्ण झालं नव्हतं. जाऊन दार वाजवलं, मिस्टरांना उठवलं, मागच्या खिडकीतनं बघितलं तर काकू मोरीत पडलेल्या, शुद्धीवर होत्या पण उठता येत नव्हतं, खुब्याचं हाड मोडलं होतं. आता बऱ्या आहेत, वॉकर घेऊन चालतात.

घागर आता मी भरून देते. त्या म्हणतात जरा जोरात टेकव, मला ऐकू आलं पाहिजे.

शिरोली_शिफ्ट
३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

ताई, ड्युटीवरनं आलो आणि हे वाचलं.

मी वर जे लिहिलं होतं ते मागं घेत नाही, दमायला होतंच. पण तीन दिवस झाले, कंपनीच्या गेटातनं बाहेर पडल्यावर गाडीला किक मारायच्या आधी दोन मिनिटं नुसता उभा राहतोय, आप्पा सांगत होते तसं, काय बघायचं नाही असं ठरवून. काल रात्री भट्टीच्या उजेडातनं बाहेर आलो तर डोळ्याला आधी सगळं काळं दिसलं, मग हळूहळू चांदण्या दिसायला लागल्या, आधी दोन-तीन, मग बऱ्याच. दोन मिनिटात डोळे बदलतात हे मला चाळिशीत कळलं. आज पोराला गच्चीवर घेऊन गेलो, लाइट बंद केला आणि म्हटलं थांब, लगेच दिसत नाही. त्यानं मोजल्या. अडतीस.

नवखा_निरीक्षक
५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी माझं पहिलं निरीक्षण लिहितो. ऑफिसच्या खिडकीत मधमाशांसारखं काहीतरी मातीचं घर बांधतंय, एकटंच. दर थोड्या वेळानं ओल्या मातीची गोळी घेऊन येतं. गोळी लावताना बारीक गुंगुं आवाज येतो, उडताना येतो त्याच्यापेक्षा वेगळा. मी नाव ठेवलंय गवंडी.

शाळेतल्या_बाई
५ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

कुंभारीण माशी! आपल्याकडे तिला कुंभारीण म्हणतात, आणि तुम्ही गवंडी म्हणालात. बघा, नाव सापडलंच होतं तुम्हाला. आता मातीच्या त्या खोलीत ती काय नेऊन ठेवते ते बघा, सांगत नाही मी.

फुलेवाडीकर
११ नोव्हेंबर, रात्री ८:५५

आज आप्पांना घेऊन रंकाळ्यावर गेलो होतो. उजव्या डोळ्याची पट्टी निघून बरेच दिवस झाले, डॉक्टरांनी काळा चष्मा लावून फिरायला परवानगी दिलीय. आप्पा कट्ट्यावर टेकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी वाट बघत होतो की आता संध्यामठाचे दगड मोजतील. तर म्हणाले, "तू सांग."

मग मी सांगितलं. पाणी परवापेक्षा एक बोट उतरलंय, दगडावर ओली रेघ दिसतेय तिच्यावरनं. वारं पश्चिमेचं आहे, कारण जलपर्णीचा तुकडा सकाळी पलीकडं होता तो इकडं आलाय. शालिनी पॅलेसच्या बाजूला पाणकावळे पंख पसरून बसलेत, सात. आणि अलीकडं कडेला एक बगळा आला होता, आत्ताच उडाला, पांढरा.

आप्पा म्हणाले, "बगळा न्हवं ती. ढोकरी. बसली होती तवा बघितलीस का?"

मी म्हटलं नाही, उडताना बघितली.

"बसली की मातीच्या रंगाची असती, दिसतच नाही. उडाली की पंख पांढरे. तू अर्धीच बघितलीस."

कागलची_लेक
११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आप्पांना दिसायला लागलं हे वाचून बरं वाटलं. ढोकरी मीपण आयुष्यभर बगळा म्हणूनच बघत आले बहुतेक. कुठल्या बाजूला होती, टॉवरच्या का पुढं?

फुलेवाडीकर
११ नोव्हेंबर, रात्री ९:२८

टॉवरपासनं पुढं, धुण्याच्या दगडांच्या पलीकडं. उद्या सकाळी साडेसहाला परत जाणार आहे, बसलेली सापडते का बघायला. आप्पापण येणार म्हणतात.